डिप्लॉयच्या चौदा पायऱ्या आणि एक शून्य

आमच्या वेब ॲप्लिकेशनचं डिप्लॉयमेंट, म्हणजे नवा कोड सर्व्हरवर चढवून चालू करणं, दोन वर्षं एका टेक्स्ट फाइलवरून चालायचं. फाइलीत चौदा ओळी. सर्व्हरवर लॉगिन कर, नवा कोड ओढ, पॅकेजेस टाक, सीएसएस-जावास्क्रिप्टचं बिल्ड कर, डेटाबेसचा बॅकअप घे, मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतले बदल) चालव, सर्व्हिस रिस्टार्ट कर, ब्राउझरमध्ये साइट उघडून बघ. काही ओळी जुन्या झालेल्या, काहींपुढे ‘कॉन्फिग बदललं असेल तरच’ असा शेरा. एका बाजूला टर्मिनल, दुसऱ्या बाजूला फाइल. एकेक ओळ कॉपी करायची, पेस्ट करायची, एंटर मारायचा. सगळं सुरळीत गेलं तर पंचवीस मिनिटं.

वेळेची माझी तक्रार नव्हती. एका संध्याकाळी पॅकेजेस टाकताना एक पॅकेज बसलंच नाही. त्या एका कमांडचं आउटपुट दीडदोनशे ओळींचं होतं, त्यात एररची ओळ कुठेतरी मध्ये येऊन वर सरकून गेली. खाली प्रॉम्प्ट परत आलेला दिसला, मी पुढची ओळ पेस्ट केली. बिल्ड झालं, मायग्रेशन झालं, सर्व्हिस रिस्टार्ट केली आणि नवा कोड उभाच राहिना, कारण त्याला लागणारं पॅकेज जागेवर नव्हतं. डेटाबेस पुढे गेलेला, त्यामुळे जुना कोडही तसाच परत लावता येईना. अकरा मिनिटं साइट बंद होती. चूक पाचव्या ओळीला झाली होती आणि कळली चौदाव्या ओळीला.

त्या रात्री मी ठरवलं की हे काम अशा कशाच्या तरी हाती द्यायचं, जे चूक झाल्या जागी थांबेल.

मोठी साधनं मी पाहिली. रुबीच्या जगातलं कॅपिस्ट्रानो, पायथनमधलं फॅब्रिक, सर्व्हरच्या सर्व्हर उभे करून देणारं ॲन्सिबल. चांगली साधनं आहेत, पण आम्ही तिघं जण, ॲप्लिकेशनचा एक सर्व्हर आणि डेटाबेसचा एक. एवढ्यासाठी नवी भाषा किंवा नवी रचना शिकायची तर ती तिघांनाही यायला हवी. मेक हा फाइलीत लिहिलेल्या कमांडी चालवणारा प्रोग्रॅम आमच्या तिघांच्याही मशीनवर आधीपासून होता. स्टुअर्ट फेल्डमन यांनी बेल लॅब्जमध्ये १९७६ साली तो लिहिला तो प्रोग्रॅम कंपाइल करण्यासाठी. पण त्याच्या मुळाशी जी गोष्ट आहे तीच मला हवी होती. कुठलीही कमांड संपताना, तिला ज्याने चालवलं त्याच्या हातात एक आकडा ठेवून जाते. शून्य म्हणजे काम झालं, दुसरं काहीही म्हणजे बिनसलं. मेक एकेक ओळ चालवतो, आकडा बघतो आणि शून्य नसेल तर तिथेच थांबतो. माझ्या डोळ्यांना जे जमलं नव्हतं, ते तो दर ओळीला न चुकता करणार होता.

शनिवारी सकाळी बसले आणि चौदा ओळी मेकफाइलमध्ये, म्हणजे मेक वाचतो त्या फाइलीत, उतरवल्या. बिल्ड, बॅकअप, पाठवणं, मायग्रेशन, रिस्टार्ट अशी वेगवेगळी टार्गेट्स, म्हणजे नाव दिलेले कमांडींचे गट, केली आणि ती क्रमाने बोलावणारं ‘डिप्लॉय’ नावाचं एक. पहिल्याच वेळी उत्तर आलं: ‘मिसिंग सेपरेटर. स्टॉप.’ माझ्या एडिटरने टॅबच्या जागी स्पेस घातल्या होत्या, आणि मेकफाइलमध्ये कमांडची ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते. हा टॅब का, याची हकीकत फेल्डमननीच सांगितलेली आहे. काही आठवड्यांत डझनभर लोक मेक वापरायला लागले होते, त्यांच्या फाइली मोडायला नकोत म्हणून त्यांनी तो नियम बदलला नाही. पाच दशकं झाली, तो टॅब अजून तिथेच आहे. एडिटरची सेटिंग बदलून मी पुढे गेले.

पुढच्या दोन अडचणी मात्र वेगळ्या जातीच्या निघाल्या, कारण त्यांत मेक थांबलाच नाही.

एका ओळीत मी ‘फ्रंटएंड’ फोल्डरमध्ये शिरत होते आणि पुढच्या ओळीत बिल्ड चालवत होते. मेक प्रत्येक ओळ नव्या शेलमध्ये (कमांडी चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) चालवतो, त्यामुळे पहिल्या ओळीतलं फोल्डर बदलणं त्या ओळीपुरतंच राहतं. बिल्ड चाललं ते प्रोजेक्टच्या मुख्य फोल्डरमध्ये. तिथेही ‘बिल्ड’ नावाची एक स्क्रिप्ट होती, डॉक्युमेंटेशन तयार करणारी. ती चालली, तिने शून्य दिलं, मेक समाधानाने पुढे गेला. साइटवर आठवड्यापूर्वीचं जावास्क्रिप्ट तसंच. दोन्ही गोष्टी ‘आणि’ची दोन चिन्हं घालून एका ओळीत आणल्या तेव्हा ते मिटलं.

दुसरी त्याहून साधी. सहकाऱ्याने सर्व्हरच्या कॉन्फिग फाइली ठेवायला प्रोजेक्टमध्ये ‘डिप्लॉय’ नावाचं फोल्डर केलं. दुसऱ्या दिवशी त्याने कमांड दिली आणि मेकने सांगितलं की डिप्लॉय अद्ययावत आहे, करण्यासारखं काही नाही. मेकच्या लेखी टार्गेट म्हणजे तयार करायची फाइल. त्या नावाचं काही जागेवर असलं आणि त्याहून नवं काही नसलं तर काम झालेलंच आहे. टार्गेट हे फाइलीचं नाव नसून नुसतं कामाचं नाव आहे, हे ‘फोनी’ अशी खूण करून सांगावं लागतं. ती ओळ मी घालायलाच हवी होती. इथेही शून्यच आलं होतं. काहीही न करता.

तरी गाडी रुळावर आली असं वाटत होतं. डिप्लॉय सहा मिनिटांत व्हायला लागलं, आठवड्यातून एकदा व्हायचं ते दोन-तीनदा व्हायला लागलं. आणि आम्ही टर्मिनलकडे बघणं सोडून दिलं. त्यात चुकीचं काही नव्हतं. थांबायचं काम मेककडे दिलं होतं, तर बघत कशाला बसायचं?

मग एके दिवशी डिस्कवर जागा करायला म्हणून बॅकअपचं फोल्डर उघडलं. फाइली तारखेनुसार लावलेल्या, उजवीकडे आकार. एक्केचाळीस एमबी. एक्केचाळीस एमबी. बेचाळीस एमबी. त्याखाली वीस. वीस. वीस. एमबी नाही, केबी नाही, नुसते वीस बाइट. मी क्षणभर त्या आकड्यांकडे बघतच राहिले. फाइली दाबून लहान करणाऱ्या जीझिपला काहीही न देता फाइल बनवायला सांगितलं, तर जी रिकामी फाइल बनते तिचा आकार बरोबर वीस बाइट असतो. पाकीट आहे, त्याच्यावर शिक्का आहे, आत पत्र नाही.

तीन डिप्लॉय आम्ही बॅकअपशिवाय केले होते. त्यांतल्या एका मायग्रेशनने टेबलामधला एक कॉलम कायमचा काढून टाकला होता. ते मायग्रेशन नीट गेलं म्हणून निभावलं, पण त्या दिवशी माझ्या पोटात जो गोळा आला तो अजून आठवतो.

झालं असं होतं. मेकफाइलमधली बॅकअपची ओळ एसएसएचने, म्हणजे दूरच्या मशीनवर कमांड चालवणाऱ्या साधनाने, ॲप्लिकेशनच्या सर्व्हरवर डेटाबेसची प्रत काढणारा पीजी डम्प चालवायची आणि निघालेला डेटा पाइपमधून, म्हणजे एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणाऱ्या जोडणीतून, माझ्या मशीनवरच्या जीझिपला द्यायची. मध्यंतरी डेटाबेसच्या सर्व्हरवर पोस्टग्रेसची (आमचा डेटाबेस त्यावर चालतो) नवी आवृत्ती आली, ॲप्लिकेशनच्या सर्व्हरवरचा पीजी डम्प जुनाच राहिला. स्वतःपेक्षा नव्या मुख्य आवृत्तीच्या डेटाबेसचा बॅकअप घ्यायला पीजी डम्प नकार देतो, आणि ते योग्यच आहे. त्याने तसं स्वच्छ सांगितलं होतं आणि शून्य नसलेला आकडाही दिला होता. पण पाइपने जोडलेल्या कमांडींमध्ये शेलला फक्त शेवटच्या कमांडीचा आकडा ऐकू येतो. शेवटी जीझिप होता. त्याला काही मिळालं नाही, त्याने ते ‘काही नाही’ निगुतीने दाबून फाइलीत ठेवलं आणि शून्य दिलं. मेकने शून्य पाहिलं.

आवृत्ती जुळत नसल्याचा मजकूर तिन्ही वेळा टर्मिनलवर उमटला होता. हाताने करत असते तर कदाचित नजरेला पडला असता, कदाचित नसता. पण आता मी वाचतच नव्हते. चूक झाली तर हा थांबेल, असा भरवसा मी ठेवला होता, आणि ज्या आकड्यावर तो भरवसा टेकला होता तो आकडा खरा आहे का हे एकदाही तपासलं नव्हतं.

यावर शेलमध्ये उपाय आहे, पाइपफेल नावाचा. तो चालू केला की पाइपमधली कुठलीही कमांड पडली तर सगळी ओळ पडली असं धरतात. मी तो ओळीच्या सुरुवातीला घातला तर शेलने तो ओळखलाच नाही. मेक मुळात साधा ‘एसएच’ शेल वापरतो आणि माझ्या मशीनवर एसएच म्हणजे डॅश, ज्याला हा पर्याय माहीत नव्हता. निदान तो तक्रार करून थांबला. मग मेकफाइलच्या वरच शेल म्हणून बॅश नेमला आणि ‘शेलफ्लॅग्ज’ या खास व्हेरिएबलमध्ये पाइपफेल घातला, म्हणजे फाइलीतल्या प्रत्येक ओळीला तो आपोआप लागू.

या वेळी मी नुसती ओळ लिहून थांबले नाही. मुद्दाम पडणारं एक टार्गेट केलं: ‘फॉल्स’ ही कमांड पाइपने ‘कॅट’ला जोडलेली. फॉल्सचं कामच नापास होणं, कॅट कायम पास. हे टार्गेट पडलं पाहिजे. माझ्या मशीनवर पडलं. सहकाऱ्याला म्हटलं, “तुझ्याकडे पण चालवून बघ ना एकदा.”

“पास झालं,” तो म्हणाला.

“पास व्हायला नको आहे ते.”

“अगं, तीच फाइल आहे. पण पास होतंय, ये बघ.”

त्याच्याकडे मॅक होता. मॅकबरोबर मेकची ३.८१ ही आवृत्ती येते, २००६ सालची. शेलफ्लॅग्जची सोय आली ३.८२ मध्ये, २०१० साली. जुन्या मेकच्या दृष्टीने ते एक साधं व्हेरिएबल. कुणी लिहून ठेवलंय, असू दे. चूक नाही, इशारा नाही. एकच फाइल, माझ्याकडे पक्की आणि त्याच्याकडे पोकळ.

आम्ही दोघं तिथेच खुर्च्या ओढून बसलो आणि एक गोष्ट ठरवली, जी मला आजही या सगळ्या खटाटोपातली सगळ्यात कामाची वाटते. शेल असा हवा, मेक तसा हवा असल्या अटींवर सुरक्षितता टेकवण्यापेक्षा पाइपच काढून टाकायचा. पीजी डम्पला स्वतःचा एक फॉरमॅट आहे, कस्टम नावाचा, जो मुळातच दाबलेला असतो. तो थेट फाइलीत लिहायचा, सर्व्हरवरच, नवा पीजी डम्प बसवून. ग्राहकांची माहिती आमच्या लॅपटॉपवर उतरवणं तसंही बरोबर नव्हतं, तेही थांबलं. पुढच्या ओळीत, बॅकअप परत उतरवणाऱ्या पीजी रिस्टोरला त्या फाइलीची नुसती अनुक्रमणिका वाचायला सांगायची. फाइल रिकामी किंवा भलतीच असेल तर तो पडतो आणि मेक मायग्रेशनपर्यंत पोहोचतच नाही. अर्थात अनुक्रमणिका वाचता आली म्हणजे आतला डेटा शाबूत आहे असं नाही; म्हणून महिन्यातून एकदा एका रिकाम्या डेटाबेसमध्ये बॅकअप पूर्ण उतरवून बघतो. त्याचंही टार्गेट आहे.

त्यानंतर आम्ही चौदाच्या चौदा पायऱ्यांना एकच प्रश्न विचारत गेलो: तू बिघडलीस तर शून्याऐवजी दुसरं काही देशील का? प्रत्येक पायरी मुद्दाम बिघडवून बघायची. पॅकेजचं नाव चुकवायचं, पासवर्ड चुकवायचा, डिस्क भरलेली ठेवायची. दोन दिवस लागले.

एसएसएच बरा निघाला. पलीकडे चाललेल्या कमांडीचा आकडा तो जसाच्या तसा परत आणतो आणि जोडणीच झाली नाही तर २५५ देतो. पण पलीकडच्या चार कमांडी नुसत्या अर्धविरामाने जोडल्या असतील तर परत येतो तो चौथीचा आकडा. पहिल्या तीन बुडाल्या तरी पत्ता नाही. आमच्या तीन ओळी तशा होत्या.

सर्व्हिस रिस्टार्ट करणारी कमांड तर फारच लवकर खूश होते. सर्व्हरवरच्या सर्व्हिसेस सांभाळणाऱ्या सिस्टमडीमध्ये साध्या प्रकारच्या सर्व्हिसला रिस्टार्ट सांगितलं की प्रोसेस सुरू झाली एवढ्यावर तो शून्य देतो. ती दोन सेकंदांनी मान टाकेल हे त्याला तेव्हा माहीत नसतं. म्हणून नंतर साइटला खरोखर एक विनंती पाठवून बघायची, कर्लने. आणि कर्लही मुळात एवढंच बघतो की उत्तर आलं का. सर्व्हरने ५०० चं, म्हणजे सर्व्हरमध्येच बिघाड झाल्याचं, एररपान पाठवलं तरी त्याच्या लेखी पान आलं, शून्य. त्याला ‘फेल’चा पर्याय द्यावा लागतो, मग ४०० किंवा त्यावरचा कुठलाही स्टेटस आला की तो २२ देतो. ॲप्लिकेशनमध्ये एक छोटं पान केलं जे डेटाबेसला खरा प्रश्न विचारून मगच ‘ठीक’ म्हणतं, आणि कर्ल तेच पान मागतो.

कोड पाठवण्याची पायरी याच काळात पूर्ण बदलली. आधी आरसिंक या फाइली पाठवणाऱ्या साधनाने चालू फोल्डरवरच नवा कोड ओतायचो, जुन्या फाइली साफ व्हाव्यात म्हणून डिलीटचा पर्याय लावून. एकदा कोरडी चाचणी म्हणून तीच कमांड ड्राय-रनवर (काहीही न बदलता, काय होईल एवढंच दाखवणाऱ्या पर्यायावर) चालवली आणि ‘डिलीटिंग’ने सुरू होणाऱ्या ओळी धडाधड येत गेल्या. त्यात वापरकर्त्यांनी अपलोड केलेले फोटो होते. अपलोडचं फोल्डर वगळणारी ओळ कुणीतरी बदलताना तिच्यातलं एक अक्षर गळलं होतं. खरी कमांड तेव्हा चालवली असती तर आरसिंकने सगळे फोटो पुसून, मला वाटतं, अत्यंत प्रामाणिकपणे शून्य दिलं असतं. कारण त्याला सांगितलेलं काम त्याने केलंच असतं. ही अशी चूक आहे जी कुठल्याच आकड्याने पकडता येत नाही.

म्हणून कॅपिस्ट्रानोने रुळवलेली मांडणी आम्ही घेतली. दर डिप्लॉयला ‘रिलीजेस’खाली तारीख-वेळेच्या नावाचं कोरं फोल्डर, अपलोड आणि कॉन्फिग ‘शेअर्ड’मध्ये वेगळं, आणि ‘करंट’ नावाची सिमलिंक ज्या रिलीजकडे बोट दाखवेल तो चालू. कोऱ्या फोल्डरमध्ये काही पुसायचं नसतंच. परत मागे जायचं तर लिंक आधीच्या रिलीजकडे वळवायची आणि रिस्टार्ट. त्याचं ‘रोलबॅक’ नावाचं टार्गेट तीन ओळींचं आहे.

लिंक बदलताना मी जुनी काढून नवी करत नाही, कारण त्या दोहोंमधल्या क्षणी ‘करंट’ अस्तित्वातच नसतो. नवी लिंक दुसऱ्या नावाने करायची आणि नाव बदलून जुनीच्या जागी बसवायची. नाव बदलणं हे कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) एका दमात करतो. इथेही एक तास गेला. लिंक फोल्डरकडे बोट दाखवते म्हणून नाव बदलणाऱ्या एमव्ही कमांडने माझी नवी लिंक जुन्या रिलीजच्या फोल्डरच्या आत नेऊन ठेवली. साइट जुनीच, आकडा शून्य. एमव्हीला मोठा टी हा पर्याय दिला की तो जागेलाच जागा मानतो, आत शिरत नाही. तरीसुद्धा पुढे एक ओळ आहे: करंट आता खरंच नव्या रिलीजकडे बघतोय का, हे वाचून ताडून पाहणारी.

मायग्रेशनचा प्रश्न मेकफाइलने सुटला नाही आणि सुटणारही नव्हता. डेटाबेस पुढे गेला आणि कोड मागे आणावा लागला तर काय, हे आम्ही लिहिण्याच्या शिस्तीवर टाकलं. कॉलमचं नाव बदलायचं असेल तर आधी नवा कॉलम आणायचा, कोड दोन्हींत लिहील, जुना डेटा नव्यात भरायचा, आणि जुना कॉलम काढायचं मायग्रेशन पुढच्या एखाद्या डिप्लॉयमध्ये. वेळ जातो, पण रोलबॅक खरा रोलबॅक राहतो.

आता मेकफाइल एकशे दहा ओळींची आहे. त्यातल्या निम्म्याअधिक ओळी काम करत नाहीत, झालेलं काम तपासतात. ‘फॉल्स पाइप कॅट’चं ते टार्गेट अजून आहे, तीन मशीनवर तीन वेगळी उत्तरं येऊ शकतात याची आठवण म्हणून, आणि मेकफाइलला हात लावला की ते चालवल्याशिवाय कुणी बदल आत घेत नाही.

मागच्या महिन्यात टीममध्ये एक नवी मुलगी आली. चौथ्याच दिवशी तिला म्हटलं, आजचं डिप्लॉय तू कर. तिने कमांड दिली, बिल्ड झालं, बॅकअप झाला, अनुक्रमणिका वाचली गेली, मायग्रेशन, लिंक, रिस्टार्ट. मग हललंच नाही. कर्ल दर दोन सेकंदांनी दार वाजवत राहिला आणि शेवटी मेक थांबला.

“ताई, ‘एरर २२’ असं आलंय,” ती म्हणाली. “माझं काही चुकलं का?”

“बावीस म्हणजे साइटने उत्तर दिलंय, पण ते ५०० आहे. आधी रोलबॅक चालव.”

तिने चालवला. सात सेकंदांत साइट जुन्या रिलीजवर आली. मग लॉग उघडला. नव्या कोडला हवं असलेलं एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सर्व्हरवरच्या शेअर्ड कॉन्फिगमध्ये कुणी घातलंच नव्हतं. ते तिने घातलं. आणि परत डिप्लॉय करण्याआधी तिने मेकफाइल उघडून पाठवण्याच्या पायरीच्या वर एक ओळ लिहिली, नमुना कॉन्फिगमधलं प्रत्येक नाव सर्व्हरवरच्या कॉन्फिगमध्ये आहे का हे बघणारी. मग ते व्हेरिएबल मुद्दाम पुन्हा काढलं, आपली ओळ खरंच थांबते का ते पाहिलं, परत घातलं, आणि डिप्लॉय केलं.